पीपीएचवर थिसिस करताय? या चुका टाळा

सिनॉप्सिसचे, म्हणजे थिसिसचा आराखडा सादर करायचे, दिवस आले की पाच-सहा रेसिडेंट माझ्या टेबलापाशी उभे राहतात. विषय ठरलेला: बाळंतपणानंतरचा रक्तस्राव, म्हणजेच पीपीएच. चुकाही ठरलेल्याच.

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे रक्त नजरेनं मोजणं. एकीचा मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या केसेसचा तक्ता, उघडला, तर रक्तस्रावाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत २००, २५०, ३००. एकही ३२० नाही, ४७५ नाही. ३००वाल्यांपैकी एका बाईला रक्ताच्या दोन पिशव्या चढवलेल्या, हिमोग्लोबिन १०.८ वरून ६.९. हे ३०० आले कुठून? "सर, रजिस्टरमध्ये तसंच आहे." लेबर रूमच्या मावशींना विचारलं. गेल्याच महिन्यातली केस, त्यांना लख्ख आठवत होती. "अहो, फरशी दोनदा पुसली मी!" ती फरशी कुणाच्याच हिशेबात नव्हती. सहा महिन्यांचा डेटा बाद झाला. पोरगी रडली, मलाही वाईट वाटलं, पण नव्यानं सुरू करायला लावलंच.

बेळगाव जिल्ह्यातला मिसोप्रोस्टॉलचा (गर्भाशय आकुंचन पावून रक्तस्राव कमी व्हावा म्हणून द्यायच्या औषधाचा) अभ्यास २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. बाळंतपणं घरी आणि उपकेंद्रांत, करणाऱ्या नर्सबाई, बाया १६२०. रक्त मोजलं ते खुणा असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, म्हणजे ड्रेपमध्ये. म्हणून तर पीपीएच १२ टक्क्यांवरून ६.४ वर आला, हे छातीठोकपणे सांगता आलं. त्याच पिशवीशी ताडून पाहिलं तेव्हा नजरेचा अंदाज सुमारे एक तृतीयांशानं कमी भरला. उपकेंद्रात जमतं ते मेडिकल कॉलेजात का जमू नये? "ड्रेप संपले होते" हे मी ऐकून घेत नाही.

माझी पद्धत साधी. बाळ बाहेर आलं, गर्भजल वाहून गेलं की मगच पिशवी खाली सरकवायची, नाहीतर पाणीच मोजत बसाल. मॉप, म्हणजे रक्त टिपायचे कापडी पॅड, कोरडे असताना वजन करायचे, भिजल्यावर पुन्हा करायचे. जास्तीचा एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. किराणा दुकानातला डिजिटल काटा चालतो.

दुसरी चूक मोठ्यांच्याही हातून होते: चुकीचा आउटकम, म्हणजे शेवटी मोजायची गोष्ट, निवडणं. 'वूमन' ट्रायलमध्ये २१ देशांतल्या वीस हजार बाया होत्या, औषध ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, रक्ताची गुठळी टिकवून रक्तस्राव कमी करणारं. आधी मोजायचं ठरलं होतं मृत्यू किंवा गर्भाशय काढणं. पण गर्भाशय काढायचा निर्णय पुष्कळदा बाईला ट्रायलमध्ये घेतानाच झालेला असे, तिथे औषध काय करणार? म्हणून संख्या १५ हजारांवरून २० हजारांवर नेली आणि रक्तस्रावानं होणाऱ्या मृत्यूंवर लक्ष ठेवलं. ते १.९ वरून १.५ टक्क्यांवर आले. तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांत १.७ वरून १.२. गर्भाशय काढण्याचं प्रमाण मात्र जवळपास तेवढंच राहिलं. तुमच्या ८० केसेसमध्ये 'मृत्यू' हा आउटकम लिहून आणता तेव्हा मला हे आकडे आठवतात.

रेफर होऊन आलेल्या बाया वरच्या आकड्यात धरायच्या आणि खाली भागायला फक्त आपल्याकडची बाळंतपणं, असं करू नका. नॉर्मल आणि सिझर एकत्र मिसळू नका. ५०० मिली की १०००, पीपीएचची व्याख्या पहिल्याच दिवशी ठरवा.

४२ दिवसांचा फॉलोअप घेणार असाल तर फोन नंबर दोन घ्या. केसपेपरवर नवऱ्याचा असतो, आणि बाळंतीण सव्वा महिना माहेरी. आईचा किंवा भावाचा नंबर डिस्चार्जच्या आधी लावून बघा, कुणीतरी उचलतंय ना ते.

आणि रेकॉर्ड रूममध्ये केसपेपर सापडला नाही, की 'वगळले' असं लिहून मोकळे होऊ नका. जी बाई दगावली, तिचा पेपर बहुतेक वेळा माता-मृत्यूच्या चौकशीसाठी साहेबांच्या कपाटात गेलेला असतो. चावी क्लार्ककडे असते.