टर्बो डिझेलच्या हवेच्या पाइपात तेल किंवा पाणी: आधी बघा, मग पुसा

इंटरकूलरचा (टर्बोने दाबून तापलेली हवा थंड करणाऱ्या भागाचा) पाइप काढला, आत तेल दिसलं, की 'टर्बो गेला' असं निदान गॅरेजमध्ये फार पटकन होतं. कित्येकदा ते चुकतं. नवा टर्बो बसतो आणि काही दिवसांत तोच पाइप पुन्हा ओला होतो. ओल कुठून सुरू होते हे कळल्याशिवाय एकही सुटा भाग विकत घेऊ नका, आणि पाहणी संपेपर्यंत आतून काही पुसू नका. तो डाग हाच पुरावा आहे.

हवा फिल्टरमधून टर्बोच्या कॉम्प्रेसरमध्ये (हवा दाबणाऱ्या भागात) जाते, तिथून इंटरकूलरमध्ये आणि मग इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमध्ये. फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या रबरी पाइपाला ब्रीदरची नळी जोडलेली असते. पिस्टनच्या रिंगांमधून निसटलेला वायू तेलाचे बारीक कण घेऊन या नळीने परत हवेत मिसळतो. म्हणून ब्रीदरच्या जोडापासून पुढे पातळ तेलकट थर दिसणं हा बिघाड नव्हे. बरीच चाललेल्या गाडीत इंटरकूलरच्या तळाशी एक-दोन चमचे तेल निघालं तरी काळजी नको. पाइप तिरका करताच धार लागली, अर्धा कप तेल निघालं, तर कारण शोधायलाच हवं.

सुरुवात डिपस्टिकपासून करा. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद केल्यावर १० मिनिटांनी पातळी बघा. तेल वरच्या खुणेच्याही वर असेल तर ते फिरत्या क्रँकने घुसळलं जातं आणि ब्रीदरमधून बाहेर पडतं. आधी ते खुणेपर्यंत काढा, मग पुढचं. तेल न टाकताच पातळी वाढली असेल तर तेलाचा वास घ्या. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ डिझेल गाड्या रोज थोडंथोडंच चालल्या, की त्या फिल्टरमधली काजळी जाळून तो साफ होण्याची क्रिया अर्धवट राहते आणि डिझेल तेलात उतरतं.

आता इंजिन थंड असताना क्लिपा सैल करून पाइप काढा आणि चार ठिकाणी पांढरा टिश्यू फिरवा: फिल्टरच्या डब्यात, ब्रीदरच्या जोडाजवळ, टर्बोच्या तोंडाशी (जिथून हवा आत जाते) आणि टर्बोतून बाहेर पडणाऱ्या पाइपात. ब्रीदरचा जोड आणि टर्बोचं तोंड दोन्ही ओलं असेल तर तेल ब्रीदरकडून येतंय. तोंड कोरडं आणि बाहेरचा पाइप ओलाचिंब असेल तर संशय टर्बोच्या सीलवर.

ब्रीदरची बाजू तपासायला इंजिन गरम करून आयडलवर ठेवा आणि तेल भरायचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवा. किंचित थरथरलं तर ठीक. झाकण उडालं आणि ठोके दिल्यासारखा धूर आला, म्हणजे गॅरेजच्या भाषेत इंजिन 'बॅक कॉम्प्रेशन' मारतंय, सिलिंडरमधला वायू रिंगांमधून जास्त निसटतोय. मग कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणं) करा. एखाद्या सिलिंडरचा आकडा इतरांपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त कमी असेल तर दोष इंजिनात आहे, टर्बो बदलून काही होणार नाही.

टर्बोकडे संशय गेला तर बोटाने शाफ्ट हलवून बघा. आडवा किंचित हलला तर चालतं, पण आतबाहेर खेळ जाणवता कामा नये आणि चाकाची पाती घराला घासता कामा नयेत. खेळ ठीक असूनही तेल येत असेल तर टर्बोकडून चेंबरकडे (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या टाकीकडे) येणारी तेलाची रिटर्न नळी काढून बघा. ती कार्बनने चोंदली, की तेलाला उतरायला वाट राहत नाही आणि ते सीलवरून सरकतं. चोंदलेला एअर फिल्टरही कॉम्प्रेसरच्या बाजूने तेल ओढून घेतो. फक्त फिल्टर बदलून काम भागलं तर लाखभर वाचतील कदाचित, पण निदान हजारो तरी नक्की.

इंटरकूलरमध्ये तेल साचलेलं असताना इंजिन ताणू नका. ते तेलच इंधन म्हणून जळायला लागलं तर किल्ली फिरवूनही इंजिन थांबत नाही. अशा वेळी मॅन्युअल गाडीत वरचा गिअर टाका, ब्रेक घट्ट दाबा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. हवेच्या तोंडावर हात कधीही ठेवू नका.

पाण्याची ओल

तेल भरायच्या झाकणाखाली कॉफीच्या फेसासारखा पिवळट थर दिसला म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधली सीलबंद पट्टी) गेलं असं नाही. एक लिटर इंधन जळताना साधारण एक लिटर पाणी तयार होतं, त्यातलं थोडं ब्लो-बायसोबत (रिंगांमधून निसटणाऱ्या वायूसोबत) क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक असलेल्या खालच्या भागात येतं. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालली तर तेल तापत नाही आणि हे पाणी उडत नाही. झाकण पुसा, हायवेवर ५० किलोमीटर चालवा, पुन्हा बघा. डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ आणि कूलंटची पातळी कायम असेल तर ती नुसती वाफ होती. डिपस्टिकही दुधाळ असेल आणि कूलंट घटत असेल तर गाडी तिथेच थांबवा आणि कूलिंग सिस्टिमची प्रेशर टेस्ट करून घ्या.

डिझेलमध्ये ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर कूलंटने थंड करणारा भाग) हा एक लपलेला गुन्हेगार आहे. तो आतून गळला, की कूलंट थेट इनटेकमध्ये जातं. ईजीआरचा पाइप काढा: सगळीकडे काजळी आणि मध्येच धुतल्यासारखा स्वच्छ पट्टा दिसला तर कूलरच बदलायचा.

पावसाचं पाणी फिल्टरच्या डब्यात सापडतं. कागद फुगलेला असतो, तळाशी गाळाची रेघ असते. डब्याच्या तळाचं भोक पानांनी बुजलंय का बघा. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली असेल तर सेल्फ मारू नका, कनेक्टिंग रॉड वाकतो. टो करून न्या, ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढा. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं.

दोष काढल्यावर इंटरकूलर उलटा करून निथळा, आतून धुऊन पूर्ण वाळवा; आत राहिलेला सॉल्व्हंट (धुण्याचं रसायन) इंजिनात इंधनासारखा जळतो. एमएएफ सेन्सरला (आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरला) त्याचाच स्प्रे वापरा, कापड लावू नका. ५०० किलोमीटरनंतर तेच चार टिश्यू पुन्हा फिरवा.