पेसाहची तयारी: सोवळ्याचं स्तोम माजवताना होणाऱ्या चुका

पेसाह म्हणजे ज्यूंचा वल्हांडण सण. त्यात मुळात काय चालत नाही, याची यादी लहान आहे. गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट हा गव्हाचाच एक जुना भाऊबंद. या पाच धान्यांचं पीठ पाणी लागल्यावर 18 मिनिटांच्या आत भाजलं नाही, तर त्याला खमीर धरलं असं मानतात. तोच हामेत्झ; सणात तो खायचा नाही की घरात ठेवायचा नाही. बाकीचा पसारा बराचसा आपणच वाढवलेला आहे.

प्रत्येक वस्तूवर शिक्का शोधणं

ताज्या भाज्या, फळं, अंडी, साधं पाणी, खाण्याचा सोडा, ॲल्युमिनियम फॉइल, भांडी घासायचा साबण यांना पेसाहचं वेगळं प्रमाणपत्र लागत नाही. ओयू ही कोशेर, म्हणजे ज्यू धर्मनियमांत बसणाऱ्या, पदार्थांना शिक्का देणारी अमेरिकेतली मोठी संस्था शिक्क्याविना चालणाऱ्या वस्तूंची यादी दरवर्षी काढते. एका कंपनीने फॉइलवर शिक्का छापला, म्हणून दुसरीची फॉइल वर्ज्य होत नाही; जादा पैसे मात्र जातात. दूध, अंडी सणाआधी भरून ठेवणं शहाणपणाचं. सणाआधी चुकून मिसळलेला कण साठपट पदार्थात विरला असं धरतात, सण लागल्यावर ही सवलत उरत नाही.

दुसऱ्याचा रिवाज अंगावर घेणं

ही चूक मला सर्वांत खटकते. तांदूळ, डाळी, मका न खाणं हा अश्केनाझी, म्हणजे मूळच्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या, ज्यूंचा रिवाज. तेराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये त्याचे उल्लेख सापडतात. बेने इस्रायलींच्या, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरी पेसाहमध्ये भात खात आले आहेत. तरी इस्रायलला गेलेल्या काही घरांत भाताचं पातेलं गुपचूप बंद होतं, शेजारी काय म्हणतील म्हणून. 1962 मध्ये तिथल्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, बेने इस्रायलींच्या लग्नांआड वंशाच्या चौकश्या घातल्या आणि 1964 पर्यंत समाजाला त्याविरुद्ध झगडावं लागलं. तेव्हाची धास्ती अजून गेली नसावी, असं मला वाटतं. गंमत अशी, की 2015 मध्ये अमेरिकेतल्या कन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्ममंडळाने अश्केनाझींनाही डाळ-तांदळाची मुभा दिली. तांदूळ नीट निवडा, गव्हाचा दाणा राहू देऊ नका. तीनदा निवडण्याची पद्धत आहे. तेवढं केलंत की भात लावा.

धुळीला हामेत्झ समजणं

पडदे धुणं, पंखे पुसणं, माळा उपसणं ही साफसफाई झाली. धर्माने ती सांगितलेली नाही. जिथे हामेत्झ नेतच नाहीत ती जागा तपासायची गरज नाही, असं मिश्ना हा ज्यूंचा प्राचीन धर्मनियमांचा ग्रंथ स्पष्ट सांगतो. तपासलेल्या घरात एखाद्या घुशीसारख्या प्राण्याने पुन्हा तुकडा ओढून आणला असेल तर? ही शंकाही तिथे निकालात काढली आहे: असं धरलं तर एका घरातून दुसऱ्या घरात, एका गावातून दुसऱ्या गावात, या काळजीला अंतच राहणार नाही. शिवाय नजरेतून सुटलेलं खमीर मातीमोल, अशी घोषणा आपण करतोच. रात्री दोन वाजता टूथपिकने सोफ्याच्या शिवणी कोरत बसू नका.

खरी जागा सोडून भलतीकडे पाहणं

साबणाची बाटली उलटसुलट करून वाचणारी मंडळी हिंगाची डबी मात्र बिनधास्त उघडतात. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं! सोया सॉसमध्येही बहुधा गहू असतो आणि माल्ट व्हिनेगर जवाचं. डोळ्यांत तेल घालून वाचायचं ते इथे.

औषधं बंद करणं

यात धोका आहे, म्हणून नीट वाचा. गिळायच्या, चव नसलेल्या गोळ्या बहुतेक रब्बी चालवून घेतात, मग त्यात स्टार्च असला तरी. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी आठ दिवस स्वतःहून थांबवू नका. चघळायची गोळी किंवा गोड सिरप असेल, तर सणाच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना पर्याय विचारा आणि रब्बींशी बोला. पर्याय मिळाला नाही तरी औषध चालूच ठेवायचं. जिवाला धोका असेल तिथे हामेत्झचा नियमही बाजूला होतो.