दिल आणि खिरीचा बर्गर

बर्गरच्या बहुतेक कृती बीफ धरून लिहिलेल्या असतात. तेच माप बोकडाला लावलं की टिक्की कोरडी ठणठणीत होते, कारण बोकडाच्या मांसात आतली चरबी फारच कमी. ती वेगळी घालावीच लागते. आणि गाडीवर विकायचं असेल तर महागड्या मांडीपेक्षा दिल, म्हणजे बोकडाचं हृदय घ्या. नुसता घट्ट स्नायू, चव दमदार, कलेजीचा उग्रपणा नाही.

10 टिक्क्यांसाठी साफ केलेलं दिल 600 ग्रॅम, सीना 200, गुर्द्याभोवतीची पांढरी चरबी 150 आणि कलेजी 50 ग्रॅम. कलेजी यापेक्षा वाढवू नका, टिक्की पिठूळ आणि कडवट होते. एका बोकडाचं दिल जेमतेम 100 ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे सात तरी लागतील. बेळगाव असो की निपाणी, रविवारी सकाळी ऐनवेळी एवढी मिळायची नाहीत. शनिवारीच खाटकाला सांगून ठेवा.

दिल उभं चिरा, साकळलेलं रक्त धुऊन टाका. वरच्या टोकाच्या पांढऱ्या नळ्या, आतल्या दोऱ्यासारख्या शिरा आणि बाहेरचा चिवट पापुद्रा काढा. इथे आळस केला की प्रत्येक घासाला रबर चावल्यासारखं होतं. पाणी पुसून तुकडे आणि चरबी अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा, मग बारीक जाळीतून दोनदा खिमा काढा. चरबी कोमट झाली तर ती कापली न जाता लिबलिबीत होते आणि तव्यावर सगळी वितळून बाहेर येते.

खिम्यात मीठ, कांदा, आलं-लसूण काहीही घालायचं नाही. खिम्यात मीठ घालून मळलं की टिक्की सॉसेजसारखी लवचिक होते, कच्च्या कांद्याचं पाणी सुटून ती फुटते. हलक्या हाताने 100 ग्रॅमचे गोळे, बनपेक्षा बोटभर रुंद थापा, मध्ये अंगठ्याने खळगा. मीठ तव्यावर टाकताना वरून.

लोखंडी तवा धूर येईपर्यंत तापवा. एका बाजूने तीन मिनिटं, उलटून तेवढंच. आत 71 अंश सेल्सिअस भरलं पाहिजे. खिमा आहे, मधे लाल ठेवायची हौस नको.

तिखट बनला लावा. लोण्यात कांदा-लसूण मसाला कालवून कापलेली बाजू भाजा. रंगाला ब्याडगी मिरची, झणक्याला संकेश्वरी. पावसाळ्यात, विशेषतः खानापूरकडे, बन दमट होतात. भाजल्याशिवाय रस लागताच त्यांचा लगदा होतो. तुटीफ्रुटीचा गोड बन मात्र नकोच.

खिरीचं, म्हणजे कासेचं तंत्र वेगळं. ती शेळीची किंवा मेंढीची, त्यामुळे फक्त बोकड कापणाऱ्या दुकानात मिळणार नाही. चिरून कोमट पाण्यात दाबत दूध काढा, हळद, मीठ, आलं-लसूण लावून कुकरला 6–7 शिट्ट्या. वजनाखाली दाबून गार करा, सेंटीमीटरभर जाड कापा आणि दोन्ही बाजूंनी कुरकुरीत परता. गरम असताना कापली तर तुकडे पडतात.

बोकडाची चरबी गार होताच थिजून टाळूला चिकटते. पार्सल असेल तर टिक्की आणि बन वेगळे बांधा, घरी टिक्की तव्यावर गरम करायला सांगा.