गिटारच्या नेकपाशी फट दिसली तर: हात लावायचा की राहू द्यायची?

नवतपा सुरू होता. कूलरसमोर बसलो होतो, तेवढ्यात शेजारचा बारावीतला पोरगा गिटार घेऊन दारात उभा. सेकंड हँड घेतलेली, पण त्याच्यासाठी नवीकोरीच. "काका, हे बघा. नेकपाशी फट आहे. फसवलं ना मला त्यानं?"

नेक, म्हणजे गिटारची लांब मान, बॉडीत जिथे बसतो तिथे वरच्या बाजूला एक काळी रेघ दिसत होती. टेबलावर कुणाची तरी लग्नपत्रिका पडली होती, तिचा कोपरा फटीत घालून पाहिला. थोडा आत गेला आणि अडकला. पोराचा चेहरा उतरला. मी म्हटलं, फट राहू दे, आधी वाजवून दाखव.

फट डोळ्यांना दिसते म्हणून माणूस आधी तिच्यामागे लागतो. गिटारला मात्र त्या फटीचं बहुतेक वेळा काहीच वाटत नाही. असं का, ते सांध्याची रचना बघितली की कळतं. गिटार पालथी करा. नेकच्या मुळाशी धातूची पट्टी आणि चार स्क्रू दिसले तर तो बोल्ट-ऑन सांधा. अमेरिकेतल्या लिओ फेंडरनं १९५० साली हीच पद्धत घेऊन सॉलिड बॉडी, म्हणजे भरीव लाकडाची, इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली. बनवायला सोपी, आणि नेक बिघडला तर सरळ बदलता येतो. यात स्क्रू नेकच्या टाचेला, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकाला, बॉडीतल्या खाचेच्या तळावर दाबून धरतात. तारांचा एकूण ताण नेहमीच्या १०-४६ सेटला (हे आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) जवळपास ४५ किलो असतो आणि तो पेलण्याचं काम तळ आणि स्क्रू करतात. बाजूच्या भिंती फक्त नेकची दिशा सांभाळतात. त्यामुळे बाजूला कार्डाएवढी फट असली तर चालतं. उलट नेक फारच घट्ट ठोकून बसवला की खाचेच्या कोपऱ्यावरचा रंग तडकतो.

पट्टी-स्क्रू काहीच नसतील तर नेक बहुधा चिकटवलेला आहे. गिब्सन कंपनीची १९५२ पासूनची लेस पॉल गिटार तशीच. तिथे सांध्याची रेघ उघडलेली दिसली किंवा नेक हलला, तर घरी काही करू नका, कारागिराकडे न्या. इथून पुढचं सगळं स्क्रूवाल्या सांध्यासाठी आहे.

खोलण्याआधी काय तपासायचं

आधी तारा बघा. जाड ई आणि बारीक ई (सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक तार), दोन्ही फ्रेटबोर्डच्या, म्हणजे नेकवर बोटं दाबायच्या पट्टीच्या, काठापासून सारख्या अंतरावर आहेत का? विशेषतः बाराव्या फ्रेटच्या (फ्रेट म्हणजे त्या पट्टीवरच्या धातूच्या आडव्या रेघा) पुढे बघा. बारीक ई वाजवताना काठावरून घसरत असेल तर नेक तिरका बसला आहे.

मग गिटार मांडीवर घ्या, एक हात बॉडीवर ठेवा आणि दुसऱ्यानं हेडस्टॉक (नेकचं खुंट्यांचं टोक) हलकेच वरखाली ढकला. 'टक' असा आवाज आला, किंवा तार सरकून परत जागेवर आली नाही, तर सांधा ढिला आहे. हे मात्र दुरुस्त करायलाच हवं, मग फट दिसो न दिसो. १९७० च्या दशकात फेंडर कंपनीनं चाराऐवजी तीन स्क्रूंचा सांधा काढला होता आणि नेक सरकतो म्हणून तो पुष्कळ बदनाम झाला. तेव्हा फट मोजत बसण्यापेक्षा नेक हलतो का ते बघा.

तडा असेल तर टॉर्च लावून बघा. खाचेच्या कोपऱ्यातून निघालेली केसासारखी रेघ बहुतेक वेळा वरच्या पॉलिएस्टर रंगाच्या जाड थराची असते. नेक काढल्यावर आतल्या कोऱ्या लाकडावर ती दिसली नाही तर विसरून जा. आत लाकूडही चिरलेलं दिसलं, तर गोंद आणि शिकंजा लागणार.

शेवटी तारांची उंची. ती जास्त वाटली म्हणून लगेच सांध्याला दोष देऊ नका. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटच्या फ्रेटवर जाड ई दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात किती जागा राहते ते बघा. पाव मिलिमीटरच्या आसपास ठीक. मोजायला गाडीच्या मेकॅनिककडचा फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा संच) चालतो. जागा याहून बरीच जास्त असेल तर आधी ट्रस रॉड (नेकच्या आतला, त्याचा बाक कमीजास्त करणारा गज) बघावा लागेल. नागपुरात हे मोजमाप वर्षभर एक राहत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, हवा कोरडी ठाक, आणि जुलैत तीच खोली दमट. लाकूड सुकतं, फुगतं. त्यामुळे भर उन्हाळ्यात कायमचे निर्णय घेऊ नका, आणि गिटार कूलरच्या झोतात तर मुळीच ठेवू नका.

नेक काढायचा झालाच तर

तारा पूर्ण सैल करा. पलंगावर घडी केलेली सतरंजी टाकून गिटार पालथी ठेवा. स्क्रूच्या खाचेत नीट बसणारा पेचकस घ्या, लहान पडला तर डोकी खराब होतात. निघालेले स्क्रू पुठ्ठ्यात त्याच जागांवर खोचून ठेवा.

आता खाचेच्या तळावर बोट फिरवा. रंगाचा गोळा, लाकडाचा भुसा, चिकटपट्टीचा तुकडा, काही ना काही सापडतंच. ब्लेडनं ते खरवडून तळ साफ करा. निम्म्या गिटारी इथेच सुधारतात.

मग बॉडीच्या भोकांतून स्क्रू हातानं घालून बघा. ते तिथे आटे न पकडता सरळ आरपार जायला हवेत, पकड फक्त नेकच्या लाकडात असावी. बॉडीतही आटे धरले तर तुम्ही कितीही पिळा, नेक तळाला टेकतच नाही. सुमारे ४.२ मिलिमीटरच्या नेहमीच्या स्क्रूसाठी बॉडीची भोकं साडेचार मिलिमीटरची केली की काम झालं.

नेकच्या भोकातले आटे खराब असतील तर स्क्रू नुसता फिरत राहतो. हा पराक्रम मी स्वतः केला आहे. हातानं कोण पिळत बसणार म्हणून ड्रिल मशीन लावलं, एक 'कर्र' झालं आणि मेपलचा भुसा पट्टीवर सांडला. उपाय सोपा आहे, फक्त सबुरी हवी. दात कोरायच्या काड्या लाकडाच्या गोंदात बुडवून भोक गच्च भरा आणि रात्रभर सुकू द्या. सकाळी काड्या टाचेच्या बरोबरीनं कापा आणि तीन मिलिमीटरच्या बिटनं नवं भोक पाडा. बिटला आधी खोलीच्या खुणेची चिकटपट्टी गुंडाळायला विसरू नका, नाहीतर बिट थेट फ्रेटबोर्डमधून बाहेर येईल. स्क्रूला साबण चोळून हातानंच घाला.

नेकखाली पाचर कधी लावायची? सॅडल (बॉडीवरच्या ब्रिजवर तारा ज्यांवर टेकतात ते लहान ठोकळे) पार खाली बसले तरी तारा उंच राहतात तेव्हाच. नेकच्या टाचेखाली, खाचेच्या ब्रिजकडच्या टोकाला, व्हिजिटिंग कार्डाची पट्टी ठेवली की नेक किंचित मागे झुकतो. पाव मिलिमीटर ही काय जाडी, असं वाटेल. पण फेंडरच्या स्ट्रॅटसारख्या गिटारवर तेवढ्या पाचरीनंतर सॅडल जवळजवळ एक मिलिमीटर वर घ्यावे लागतात. म्हणून एका वेळी एकच पट्टी. कायमची ठेवायची असेल तर खाचेचा अख्खा तळ भरणारी, उतार असलेली लाकडी पाचर बरी. ती पाव, अर्धा आणि एक अंशाची तयार मिळते. फर्निचरच्या मिस्त्रीकडून व्हिनियरचा (लाकडाच्या पातळ पापुद्र्याचा) तुकडा आणून पॉलिश पेपरवर घासूनही जमते, फक्त घासताना जीव कंटाळतो.

बाजूच्या फटीत फेविकॉल, एमसील, लाकडाचा भुसा असलं काहीही भरू नका. पुढे कधी नेक काढायची वेळ आली की खाचच उखडून येईल.

परत बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात पडला की बोटांना हलकासा 'टक' जाणवतो, तिथून सुलटा पिळा. चारही स्क्रू कोपऱ्याला कोपरा धरून आळीपाळीनं आवळा, गाडीच्या चाकाच्या नटांसारखे. अंगाचा जोर लावू नका, मनगट थांबलं की थांबा.

पोराच्या गिटारीचा नेक काढावाही लागला नाही. सांधा पक्का होता, तडा नव्हता, फक्त बारीक ई पंधराव्या फ्रेटवर काठावरून घसरत होती. तारा सुरात ठेवूनच चारही स्क्रू पाव पाव फेरा सैल केले. बारीक ई घसरते तेव्हा हेडस्टॉक, वाजवताना छत असतं त्या दिशेला ओढायचा. जाड ई घसरत असेल तर जमिनीकडे. ओढला, सांधा हलकासा करकरला, तसाच धरून स्क्रू आवळले. दोन्ही ई काठांपासून सारख्या झाल्या.

फट गेली नाही. वरून खाली सरकली. "आता मला दिसत नाही," पोरगा खूश होऊन म्हणाला. समोर बसलेल्या मला ती चांगलीच दिसत होती.