आवडता साबण-क्रीमचा ब्रँड सोडायचा असेल तर काय करावे

घरात वर्षानुवर्षे एकाच ब्रँडचा साबण, तीच पावडर आणि तेच क्रीम येत असेल, तर त्यावरून मन एका दिवसात उतरत नाही. वास थोडा निराळा लागतो, वडी लवकर झिजते, क्रीम चिकट वाटू लागते, आणि तरीही कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरच्या नेहमीच्या दुकानात गेले की दुकानदार न विचारता तोच डबा समोर ठेवतो आणि आपण तो घेऊन घरी येतो. असा ब्रँड सोडावा की नाही, आणि सोडायचाच असेल तर त्वचेला व खिशाला झळ न लागता तो कसा सोडावा, याची रीत येथे सांगितली आहे.

बदल नेमका कुठे झाला?

रागाच्या भरात डबा बदलण्यापूर्वी, बदल वस्तूत झाला आहे की आपल्यात अथवा आपल्या पाण्यात, हे पाहावे. कोल्हापुरात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. शहराच्या अनेक भागांत नळाला नदीचे किंवा धरणाचे पाणी येते, तर उपनगरांतील कित्येक अपार्टमेंटमध्ये बोअरचे पाणी वापरले जाते. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतील, तर साबणाचा फेस कमी होतो, अंगावर पांढुरका साका बसतो आणि केस राठ होतात. दोष मात्र साबणाला दिला जातो. घर बदलल्यानंतर तक्रार सुरू झाली असेल, तर साबणाचा थोडा कीस पाण्याने अर्ध्या भरलेल्या बाटलीत टाकून ती जोरात हलवावी. भरपूर फेस येऊन खालचे पाणी बऱ्यापैकी स्वच्छ राहिले, तर पाणी मृदू आहे. फेस तुटपुंजा आणि पाणी गढूळ झाले, तर ते कठीण आहे. पाणी कठीण असल्यास दुसऱ्या कंपनीची तशीच वडी आणून काहीच साधणार नाही. ऋतू आणि वय हेही विचारात घ्यावेत, कारण पावसाळ्यात उत्तम वाटणारा साबण थंडीत, किंवा चाळिशीनंतर, त्वचा ओढणारा ठरू शकतो.

पाणी निर्दोष ठरले, तर आवेष्टनाकडे वळावे. जुने खोके किंवा वेष्टन घरात सापडले तर फार उपयोग होतो. अडगळीच्या कपाटात, प्रवासाच्या पिशवीत किंवा सुयादोऱ्याच्या डब्याच्या रूपात ते बहुधा सापडतेच. जुने आणि नवे शेजारी ठेवून पुढील गोष्टी ताडून पाहाव्यात.

पहिली गोष्ट वजनाची. आधी 125 ग्रॅमची वडी 50 रुपयांना मिळत होती आणि आता त्याच 50 रुपयांत 100 ग्रॅम मिळत असेल, तर वजन 20 टक्क्यांनी घटले असले तरी प्रति ग्रॅम दर 40 पैशांवरून 50 पैशांवर, म्हणजे 25 टक्क्यांनी वाढलेला असतो. साबण वाळून हलका होत असल्याने छापलेले वजन पॅकिंगच्या वेळचे असते, हे ध्यानात ठेवावे. घरच्या काट्यावर काही ग्रॅम कमी भरले म्हणून लगेच भांडायला जाऊ नये.

दुसरी गोष्ट साबणाच्या प्रकाराची, आणि येथेच सर्वांत जास्त वेळ द्यावा. भारतीय मानकांनुसार टॉयलेट सोपचे तीन दर्जे आहेत. त्यांतील टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्धाम्लांचे प्रमाण, पहिल्या दर्जात किमान 76 टक्के, दुसऱ्यात 70 आणि तिसऱ्यात 60 टक्के असावे लागते. बेदिंग बार हा वेगळा प्रकार असून त्यात ते 40 टक्के असले तरी चालते. वेष्टनाचा रंग, चित्र आणि नाव तेच ठेवून मागच्या बाजूला ‘टॉयलेट सोप’ऐवजी ‘बेदिंग बार’ असे छापले असेल, किंवा दर्जा पहिल्यावरून तिसऱ्यावर आला असेल, तर वस्तूच बदलली आहे. अशा वेळी दुकानदार “माल त्योच हाय वहिनी, नुसता डबा बदललाय” असे सांगतो. त्याचा त्यात दोष नाही, कारण त्यालाही कंपनीच्या माणसाने तेच सांगितलेले असते.

तिसरी गोष्ट घटकांच्या यादीची. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिण्याचा नियम आहे. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. म्हणून दर्शनी भागावर मोठे बदाम किंवा चंदनाचे खोड असले आणि यादीत त्यांचे नाव पार शेवटी, सुगंध व रंगांच्या शेजारी असले, तर त्यांच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. जुन्या यादीत वरच्या क्रमावर असलेले तेल नव्या यादीत खाली सरकले असेल, तर तुमच्या त्वचेची तक्रार खरी आहे.

कंपनी दुसऱ्याने विकत घेतली, एवढ्यावरून मात्र निर्णय घेऊ नये. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाशी ज्याचे नाव महाराष्ट्रात जोडले गेले तो मोती साबण टाटा ऑइल मिल्सचा होता. ती कंपनी 1993 मध्ये हिंदुस्थान लीव्हरमध्ये विलीन झाली, आणि तरीही नरकचतुर्दशीला तो घरोघरी येत राहिला. काही जणांचे मन वस्तूवरून नव्हे, तर तिच्या जाहिरातीतील सांगण्यावरून उडते. गोरेपणाच्या प्रचारावर झालेल्या टीकेनंतर 2020 मध्ये ‘फेअर अँड लव्हली’चे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. अशा कारणाने कोणाला ब्रँड नकोसा झाला असेल, तर त्याने टीएफएमचा हिशेब मांडत बसण्याची गरज नाही. तेवढे कारण पुरेसे आहे.

कंपनीला विचारावे

आवेष्टनावर ग्राहक सेवेचा दूरध्वनी आणि ईमेल असतो. बॅच क्रमांक व उत्पादनाचा महिना देऊन, घटकांत बदल केला आहे का, एवढेच लेखी विचारावे. उत्तर गुळमुळीत आले, तर तेही एक उत्तरच समजावे. डबा बनावट असल्याची शंका आली, तर दुसऱ्या दुकानातून, उदाहरणार्थ राजारामपुरीतून, तोच माल आणून छपाई, झाकण आणि वास ताडून पाहावा. शंका पक्की झाल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते. त्यासाठी पावती जपलेली असावी.

एकेक वस्तू बदलावी

साबण, शाम्पू, क्रीम आणि पावडर एकाच दिवशी बदलल्यास, अंगावर पुरळ आले तरी ते कशाने आले हे कळत नाही. सुरुवात अंगाच्या साबणापासून करावी, कारण तो स्वस्त असतो आणि धुऊन जातो. चेहऱ्याचे क्रीम शेवटी ठेवावे. दोन बदलांमध्ये तीन-चार आठवड्यांचे अंतर असावे. शाम्पूसाठी मोठी बाटली घेण्याआधी पुडी आणून पाहणे सोयीचे असते. नवे क्रीम हाताच्या आतल्या बाजूस, नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा असे सात ते दहा दिवस लावावे. लाली, खाज किंवा सूज आली नाही, तरच ते चेहऱ्यावर घ्यावे. केसांच्या रंगाबाबत खोक्यावर सांगितल्याप्रमाणे 48 तास आधीची चाचणी दर वेळी करावी. पुरळ पसरले किंवा डोळे सुजले, तर दुकानदाराला विचारून दुसरे मलम न लावता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

घरातील सासूबाईंची पावडर किंवा सासऱ्यांचे दाढीचे क्रीम या मोहिमेत ओढू नये. त्यांना त्रास नसेल, तर त्यांच्यासाठी जुना ब्रँड येत राहू द्यावा.

उरलेल्या मालाचेही ठरवावे लागते. झाकण उघडलेल्या डबीच्या चित्रात 12एम असे लिहिले असेल, तर उघडल्यापासून बारा महिने वापरता येईल असा त्याचा अर्थ होतो. मुदत उलटलेले क्रीम आणि काजळ टाकून द्यावे, उरलेल्या वड्या हात धुण्यासाठी मोरीवर ठेवाव्यात. ॲपवर दरमहा आपोआप जाणारी मागणी असल्यास ती रद्द करावी, आणि ॲपवर साठलेले बक्षिसाचे पॉइंट वाया जातील म्हणून आणखी एक खरेदी करण्याचा मोह टाळावा. शेवटी महिन्याच्या किराणा यादीत ब्रँडच्या नावाऐवजी “अंगाचा साबण, टॉयलेट सोप, दर्जा 1, 100 ग्रॅम, चार वड्या” असे लिहून ती दुकानदाराच्या हाती द्यावी, म्हणजे तो सवयीने जुना डबा काढण्यापूर्वी निदान विचारेल.