स्कॅटर किंवा बबल चार्ट अहवालात टाकण्याआधी

स्कॅटर चार्टमध्ये प्रत्येक ठिपका दोन आकड्यांनुसार आडव्या-उभ्या अक्षांवर बसतो; बबल चार्टमध्ये ठिपक्याच्या जागी वर्तुळ येतं आणि त्याचा आकार तिसरा आकडा दाखवतो. कोणत्या दोन आकड्यांचं नातं दाखवायचं आहे, ते आधी एका वाक्यात लिहून काढा. वाक्य जमत नसेल तर हा चार्ट नको. महिन्यागणिक चढउतार दाखवायला रेषालेख बरा, क्रमवारीला स्तंभालेख. मग एक ठिपका म्हणजे काय ते ठरवा: एक ग्राहक, एक शाखा की एक दिवस? डेटा नीट चाळा. रिकाम्या जागी कुणी शून्य भरलं असेल, तर असे ठिपके अक्षाला चिकटून रांगेत बसतात आणि ट्रेंडलाइन, म्हणजे ठिपक्यांचा कल दाखवणारी रेषा, आपल्याकडे ओढतात.

सहसंबंधाचा आकडा (दोन आकडे किती प्रमाणात एकत्र बदलतात ते सांगणारा) हाती असला तरी ठिपके काढून बघाच. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कम यांनी १९७३ साली चार छोटे डेटासंच मांडले. चारही संचांत सरासरी जवळपास तीच, सहसंबंध ०.८२ च्या आसपास. पण ठिपके काढले की एकात साधा सरळ कल दिसतो, दुसऱ्यात वक्र, तिसऱ्यात रेषेपासून सुटलेला एक ठिपका, आणि चौथ्यात तर सगळं नातं एकाच ठिपक्याच्या जिवावर उभं असतं.

अक्षांवर एकक लिहा. इथे शून्यापासून सुरुवात करायची सक्ती नाही. आकडे शंभरापासून कोटीपर्यंत पसरले असतील तर लॉग स्केल (समान अंतरागणिक आकडा ठरावीक पटीने वाढणारी मोजपट्टी) घ्या, पण तसं स्पष्ट नमूद करा. ठिपके एकमेकांवर चढत असतील तर ते पारदर्शक करा. गटांना वेगळे रंग देऊन बघणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण एकत्र पाहिल्यावर चढता वाटणारा कल गटागटांत उतरताही निघू शकतो.

बबलकडे तिसरा आकडा असेल तरच वळा, आणि मुख्य मुद्दा कधीही आकारावर सोपवू नका. डोळ्याला अंतर अचूक कळतं, वर्तुळांचं क्षेत्रफळ नाही. आकडा क्षेत्रफळाला जोडा, त्रिज्येला नव्हे. त्रिज्या दुप्पट केली की वर्तुळ चौपट होतं आणि वाचक फसतो. एक्सेलमध्ये क्षेत्रफळ की रुंदी हा पर्याय सेटिंगमध्ये असतो, तो उघडून खात्री करा. तोट्यासारखे उणे आकडे आकारात बसत नाहीत, त्यांना रंग द्या. मोठे बबल मागे, छोटे पुढे. कोणता आकार म्हणजे किती, हे सांगणारी सूची हवीच. नावं मात्र मजकुरात उल्लेख असलेल्या बबलनाच. अहवाल छापला जाणार असेल तर कृष्णधवल प्रत काढून रंग वेगळे ओळखू येतात का ते पाहा.