डोळे निळे पाहिले, आई पाहिलीच नाही: घरचा कुत्रा निवडताना या चुका टाळा

वावरात राखण हवी, पोट्ट्यांशी मायाळू हवा, ओसरीत घाण नको. अपेक्षा एवढ्या, आणि पिल्लू निवडताना पाहायचं काय? तर डोळ्यांचा रंग आणि अंगावरचे केस.

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. पिल्लू जन्मलं ती जागा पाहायला कोणी जात नाही. खोक्यात बसवून ‘दोन महिन्यांचं’ म्हणून विकलेलं पिल्लू पुष्कळदा पाच आठवड्यांचंच निघतं. तोंड उघडून पाहा. आठ आठवड्यांच्या सुमारास दुधाचे 28 दात आलेले असतात. दाढांच्या जागी नुसत्या हिरड्या दिसल्या तर पैसे खिशातच ठेवा. इतक्या लवकर आईपासून तोडलेलं पिल्लू चावा किती जोरात घ्यायचा हे भावंडांकडून शिकलेलंच नसतं. मग ते पोरांच्या पोटऱ्या धरतं आणि बोल लागतो जातीला.

म्हणून आधी आईजवळ जा. ती भुंकेल, भुंकू द्या. मालकाने हाक दिल्यावर निवली पाहिजे. मालक असूनही अंगावर येणारी किंवा शेपूट घालून कोपऱ्यात दडणारी असेल तर पिल्लू कितीही गोंडस असो, परत फिरा. मग झोपायची जागा पाहा. पिल्लं एका कोपऱ्यात झोपून दुसरीकडे मुतत असतील तर तुमचं अर्धं काम झालेलं आहे. घाणीतच लोळत वाढलेल्याला घाण खटकतच नाही, त्याला शिकवताना महिने जातात. शेवटी जरा लांब एक स्टीलची ताटली पाडा. दचकून मागे सरलं आणि थोड्या वेळात हुंगायला आलं, ते पिल्लू घ्या.

हस्की, सेंट बर्नार्ड या बर्फाळ मुलखातल्या दाट केसांच्या जाती? मे महिन्यात अकोला-चंद्रपूरचा पारा 45 च्या वर जातो. विषय संपला.

आता शी-शूचं. नेहमीचा प्रकार असा: पिल्लू ओसरीत मुततं, घरचे त्याचं नाक त्यात घासतात, दोन रट्टे देतात. आठवडाभरात ओसरी कोरडी, सगळे खूश. आणि महिन्याने तुरीची पोती हलवली की मागे सगळा साठा सापडतो. पिल्लू एवढंच शिकलं की माणसासमोर करायचं नाही. बाहेर नेलं तरी तुमच्यासमोर ते आता करत नाही.

मारू नका, वेळ पाळा. झोपून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर 10-15 मिनिटांत, खेळून झाल्यावर, आणि रात्री एकदा उठून. दोन महिन्यांचं पिल्लू तीनेक तासांपलीकडे धरू शकत नाही. ज्यांना झोप मोडायची नाही त्यांनी पिल्लू आणू नये. जागा एकच ठेवा, आणि उन्हाळ्यात ती कडुनिंबाच्या सावलीतच. तापलेल्या अंगणात पाय भाजले की पिल्लू तसंच आत पळतं आणि ओसरीत उरकतं.

सारवलेल्या जमिनीत मूत मुरतं आणि त्या वासावर ते पुन्हा तिथेच येतं. ओलं फडकं फिरवून भागत नाही. तेवढा थर खरवडा, नवी माती लिंपा, मग सारवा. फरशीवर निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर. फिनाइलने वास जातो तो फक्त आपल्या नाकापुरता.

वाटीभर म्हशीचं दूध पाजून पिल्लाला हगवण लावायची आणि मग ‘हे शिकतच नाही’ म्हणायचं, हेही बंद करा.

सहा ते आठ आठवड्यांत पार्व्होची (पिल्लांच्या जीवघेण्या हगवणीच्या रोगाची) पहिली लस, नंतरचे डोस 16 आठवड्यांपर्यंत. तोवर चावडीवर फिरवू नका. तीन महिन्यांना रेबीजची. गुरांच्या कोठ्यात बांधणार असाल तर रोज कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहा.